ग्राझची उकडलेली अंडी

वर्षातून एकदा, ऑक्टोबर लागला की हाफिजाच्या घरात मासळी बंद व्हायची. मटण बंद, कोंबडी बंद. सकाळी उकडलेली अंडी आणि खुबूसची रोटी, संध्याकाळी खुबूस आणि उकडलेली अंडी. कारण तिचा नवरा हमदुल्ला त्या दिवसांत ऑस्ट्रियात, ग्राझ नावाच्या शहरात असे, आणि हलाल मिळत नाही म्हणून बिचारा तिथं हेच खाऊन दिवस काढत असे. तो तिकडं अर्धपोटी आणि आपण इकडं दुबईत देऱ्याच्या खाडीवरून ताजी सुरमई आणून चापायची? छे! हाफिजाच्या घशाखाली घास उतरला नसता.

कुणी सांगितलं नव्हतं हो तिला हे. तिचं तिनंच ठरवलं. मुलगी अन्वरी इंग्रजी शाळेत जाणारी, ती ताट बघून नाक मुरडायची.

"नॉट एग्ज अगेन, मम्मी!"

"तुझे डॅडी तिकडं काय खातात, ठाऊक आहे ना?"

"एग्ज."

"मग?"

मग पोरगी मुकाट्यानं अंडं सोलायला घ्यायची. शेजारची मरियमबी चेष्टा करायची, "नवऱ्यासाठी रोजे धरणारी बाई तू एकटीच बघितली गं हाफिजा." हाफिजा वरवर लाजायची, पण आतून तिला बरं वाटायचं. पहिल्याच वर्षी अन्वरीनं ही गोष्ट बापाला सांगून टाकली होती. हमदुल्ला हसला, "वेडी आहेस झालं," म्हणाला आणि त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या एका हातावर हाफिजानं पुढची सगळी वर्षं अंडी सोलली.

हमदुल्ला दाभोळचा. दुबईत खाडीकाठी त्याच्या अरबाबची, म्हणजे मालकाची, लाकडाची मोठी वखार होती. त्या काळात दुबईत जो उठे तो बांधकाम काढी. झावळ्यांच्या झोपड्या जाऊन सिमेंट येत होतं, आणि सिमेंट ओतायचं म्हणजे आधी फळ्या पाहिजेत. त्या फळ्या यायच्या ऑस्ट्रियातून. हमदुल्ला फळीवर बोटाची पेरं वाजवून सांगायचा की ही टिकेल, ही उन्हात फाटेल. म्हणून अरबाब त्यालाच दर वर्षी ग्राझला माल निवडायला पाठवत असे.

जाताना हाफिजा त्याची पेटी भरायची. कोकमाची सोलं, घरी कुटलेला मसाला, सुका जवळा, थोडं तांदळाचं पीठ. "हॉटेलात शिजवता येत नसलं तर सोलं नुसती पाण्यात टाकून प्या, पोटाला बरं," असं बजावायची. परत आला की डबे रिकामे. "तुझ्या सोलांनी जगवलं बघ," असं तो म्हणायचा. मग आठवडाभर त्याची नुसती चंगळ. पापलेटं काय, सांदणं काय, खापरोळी काय! "गाल बसलेत हो तुमचे," म्हणत ती त्याच्या ताटात वाढत राहायची.

रात्रीचं जेवण झालं की अंगणात खाट टाकून तो ग्राझच्या गोष्टी सांगायचा. गावाच्या मधोमध म्हणे एक डोंगर आहे, डोंगरावर जुना मनोरा, आणि मनोऱ्यावर भलंमोठं घड्याळ. त्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा काटा मिनिटं.

"उलटं?" हाफिजानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती उठूनच बसली होती.

"उलटं. पूर्वी तासाचा एकच काटा होता, मोठा, लांबून दिसावा म्हणून. मिनिटाचा मागाहून बसवला, तो छोटा बसवला."

"आणि माणसं चुकत नाहीत?"

"त्यांना सवय आहे. आपल्यासारखे चुकतात."

आणि एका जुन्या वाड्यात म्हणे दगडी जिना आहे, जोडजिना. एक डावीकडून वळत जातो, एक उजवीकडून. दोन माणसं खालून वेगवेगळी निघाली तरी प्रत्येक मजल्यावर समोरासमोर येतात, परत वेगळी होतात, परत भेटतात. हाफिजानं आयुष्यात बघितलं होतं काय, तर दाभोळची खाडी, मुंबईची गोदी आणि देरा. एवढ्यात तिचं जग आटपलं होतं आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती. पण ते घड्याळ तिच्या मनात जाऊन बसलं. "एकदा मला दाखवा हं," असं ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "इन्शाल्ला."

त्या वर्षी बकरी ईदच्या दावतीत अरबाबनं सगळ्यांच्या देखत जाहीर केलं की हमदुल्लानं इतकी वर्षं इमानानं काम केलं, तेव्हा या खेपेला त्यानं बीवीलाही सोबत न्यावं. तिकीट अरबाबचं. काम उरकलं की तीन दिवस शहर बघा, फिरा, मजा करा. बायकांच्या खोलीत ही बातमी आली तेव्हा मरियमबीनं हाफिजाला अशी मिठी मारली की तिच्या हातातलं सरबताचं फुलपात्र सांडलं. घरी जाताना खाडी ओलांडायच्या होडीत, अब्रात, हमदुल्ला गप्प होता. त्याला आनंदानं बोलवत नसेल, असं हाफिजाला वाटलं. वाटणारच. तिला वाकडं काही सुचायचंच नाही ना!

मग सुरू झाली तयारी. अन्वरीचा शाळेचा अॅटलास चटईवर पसरला जायचा.

"इट इज लँडलॉक्ड, मम्मी."

"म्हणजे काय ते सांग."

"नो सी."

"समुद्रच नाही? मग मासे कुठले मिळायचे?"

"रिव्हर," अन्वरी निळ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली.

नदीचे तर नदीचे. हाफिजानं तीन दिवसांची आखणी तोंडपाठ केली. पहिला दिवस घड्याळाचा. डोंगरावर छोटी रेल्वे जाते म्हणे, पण चालतच चढायचं, म्हणजे घड्याळ हळूहळू मोठं होत जाताना दिसेल. दुसरा दिवस जिन्याचा. "तुम्ही डावीकडून चढा, मी उजवीकडून. वर भेटल्यावर तुम्ही मला सलाम करायचा, जसं काही पहिल्यांदाच बघताय," असं तिनं हमदुल्लाला सांगितलं. चाळिशीला टेकलेली बाई, पण सांगताना तिचे कान लाल झाले. तिसरा दिवस बाजार. मरियमबीला लोकर, अन्वरीला रंगाची पेटी. तेवढे दिवस अन्वरी मरियमबीकडे राहणार, हेही ठरलं.

थंडीसाठी कोट पाहिजे. शारजाच्या बाजारात गोऱ्या सोल्जरांचे जुने कोट विकायला येतात असं कळलं, तेव्हा भर सप्टेंबरात ती आणि मरियमबी भाड्याच्या गाडीत बसून वाळूतल्या वाटेनं शारजाला गेल्या. वाटेत गाडी रुतली, उतरून ढकलावी लागली. दुकानात तो जाडजूड खाकी कोट तिनं अंगावर चढवला आणि दोन मिनिटांत घामानं निथळली. मरियमबी हसून हसून दुकानदाराच्या बाकावरच बसली. "अगं, तिकडं पोचायच्या आधी इथंच उकडून निघशील!"

कोट घेतला. उरला तो जेवणाचा प्रश्न, आणि तोच तर हाफिजाच्या दृष्टीनं मुख्य. तिनं कल्हईवाल्याकडून मधला टोप चकचकीत करून आणला, झाकणासकट. छोटा स्टोव्ह फडक्यात गुंडाळला.

"स्टोव्ह हॉटेलात पेटवू देत नाहीत," हमदुल्ला म्हणाला.

"मी खिडकी उघडून पेटवते. कुणाला कळतंय? तुम्हाला ती अंडी आता खाऊ देणार नाही मी. मी असताना?"

"त्यापेक्षा आपण व्हिएन्नाला जाऊ. मोठं शहर. राजवाडे आहेत, बागा आहेत. काम संपलं की मी व्हिएन्नाला येतो, तू तिथंच थांब. ग्राझमध्ये काय आहे?"

"घड्याळ आहे."

"घड्याळात काय बघायचं? वेळ?"

हाफिजा खळखळून हसली. तो मात्र हसला नाही, बिडी काढून अंगणात गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, थंडी तुला बाधेल. तिसऱ्या दिवशी म्हणाला, अन्वरीचा अभ्यास बुडेल. शेवटी हाफिजानं त्याचा हात धरला, "अहो, खर्च अरबाबचा आहे आणि कोट माझ्याकडे आहे. आता कशाला घाबरता?"

निघायला थोडे दिवस राहिले असतील, सप्टेंबरचा शेवटचा दिवस. दुपारची वेळ होती, अन्वरी नुकतीच शाळेतून आली होती, तोच दारात शौकत उभा. हा शौकतही दाभोळकडचाच, वखारीतला धाकटा कारकून. साधा, पाच वक्तचा नमाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या वर्षी अरबाबनं त्याला काम शिकायला हमदुल्लाबरोबर ग्राझला पाठवलं होतं, आणि तिथूनच पुढं बोटीवर माल चढवायला आणि मग दोह्याच्या वखारीत. जवळजवळ वर्षानं तो आठवड्यापूर्वीच दुबईत परतला होता.

"भाभी, सलाम. व्हिसासाठी तुमचे फोटो पाहिजेत. हमदुल्लाभाई वखारीत अडकलेत, बोट खाली होतेय, म्हणून मला पाठवलं. ऑफिस बंद व्हायच्या आत द्यायचेत. यल्ला, पटकन."

"पटकन काय पटकन? भुकेल्या पोटी कुणाला या घरातून जाऊ दिलंय का मी? बस. भात झालाय."

दार उघडं होतं, अन्वरी चटईवर अभ्यास करत होती. हाफिजानं ताट वाढलं. भात, कोलंबीचं कालवण, पापड. शौकत जेवायला बसला आणि त्याचं लक्ष कोपऱ्यातल्या सामानाकडे गेलं. कोट, स्टोव्ह आणि तो चकचकीत टोप.

"हा टोप नेताय, भाभी? ग्राझला?"

"नको न्यायला? हॉटेलातल्या भांड्यात काय काय शिजवत असतील, अल्ला जाणे. तुम्ही लोकांनी अंडी खाऊन दिवस काढले, आता मी आहे ना."

"अंडी?" शौकत घास घेता घेता थांबला. "अंडी मी खाल्ली, लाकडाच्या मिलच्या हॉस्टेलात. हमदुल्लाभाईंना कशाला अंडी? त्यांचा तर तिथं वेगळा टोप आहे."

हाफिजाच्या हातात कालवणाची पळी होती. ती तशीच राहिली.

"वेगळा टोप?"

"निळा, एनॅमलचा. स्वयंपाकघरात वेगळ्या खिळ्याला टांगलेला. सुभानल्ला, मी तर बघतच राहिलो! त्या मॅडमच्या घरी डुकराची चरबी येते, तिच्या आईला लागते म्हणून. पण त्या टोपाला कुणी हात लावायचा नाही. तिनं सांगितलं मला खुणा करून, हा हमदुल्लाचा, दुसरं काही यात शिजत नाही. भाभी, परमुलखात असं हलाल सांभाळणं म्हणजे काय खायचं काम आहे? मी दोह्यात सगळ्यांना सांगत होतो, ईमान असावं तर हमदुल्लाभाईंसारखं."

"कोण मॅडम?" हाफिजानं विचारलं. आवाज अगदी रोजचा निघाला, तिचं तिलाच नवल वाटलं.

"घरवाली हो. ते पेइंग गेस्ट आहेत ना तिच्याकडे. हेर्टा की काय नाव. विधवा आहे, नवरा लढाईत गेला. एका जुम्म्याला मला भाईंनी जेवायला नेलं होतं. नमाजाची जानमाजही तिथं त्यांची कायमची ठेवलेली, भिंतीवर मक्केच्या दिशेला किब्ल्याची खूण केलेली."

"भात घे अजून."

"बस, बस. बरं, थोडा." शौकत आता रंगात आला होता. चांगल्या माणसाची तारीफ त्याच्या बायकोपुढं करायची, यापेक्षा पुण्याचं काम त्या बिचाऱ्याला कुठलं वाटणार? "आणि कालवण काय केलं होतं तिनं! नदीचा मासा. नारळ मिळत नाही तिकडं, तर बदाम वाटून घातले होते. पण सोलं होती, भाभी! बरणी भरून. मसाला आपला. खरं सांगतो, मी डोळे मिटून खाल्लं. अगदी तुमच्या हातची चव!"

अन्वरीनं वहीतून मान वर केली, आईकडे बघितलं आणि परत खाली घातली. हाफिजानं पापडाचं ताट पुढं सरकवलं. पाहुणा जेवत होता.

"कधीपासून राहतात ते तिच्याकडे?"

"पहिल्यापासूनच असावेत. घराची किल्लीसुद्धा आहे त्यांच्याकडे. लांबडी, लोखंडी, आपल्याकडच्या वखारीच्या किल्लीसारखी. तुम्ही टोप कशाला वाहून नेता? तिथं सगळं आहे."

जेवून, दुआ देऊन, फोटोंचं पाकीट घेऊन शौकत गेला. हाफिजानं ताट उचललं, घासलं, जागेवर ठेवलं. मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसली. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते तिला त्या दिवशी कळलं.

केसानं गळा कापला होता तिचा. आणि कापताना वापरलं काय, तर तिचीच सोलं, तिचाच मसाला! ते मसाले तिनं उन्हात बसून कुटले होते, शिंकत, खोकत, डोळे पुसत. जाईल तर त्याच्या पोटात जाईल म्हणून. आणि त्यानं ती पेटी नेऊन दुसरीच्या फळीवर मांडली. नुसती मांडली नाही, शिकवलं तिला. किती सोलं, किती वेळ भिजवायची, मासा कधी सोडायचा. चुलीशी उभं राहून शिकवलं असेल. या घरात त्यानं कधी चहाचं पाणी ठेवलं नव्हतं.

तिला त्याचे बसलेले गाल आठवायला लागले. नीट आठवलं. गाल कुठले बसलेले? दर वर्षी परत आल्यावर शर्टाची बटणं तटतटायची, तीच तर सैल करून द्यायची ती! डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. आणि तो जिना. वर भेटल्यावर सलाम करा म्हणे! कुणाबरोबर चढला असेल तो जिना, कुणाला भेटला असेल प्रत्येक मजल्यावर? हाफिजाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं ओढणी तोंडात कोंबली. पोरीला ऐकू जायला नको होतं.

अन्वरीला तिनं कुराणाच्या धड्याला मरियमबीकडे पाठवलं. संध्याकाळची मगरिबची नमाज पढून हमदुल्ला घरी आला, नेहमीप्रमाणे किल्ल्यांचा जुडगा दारामागच्या खिळ्याला अडकवला आणि हात धुवायला गेला. परत आला तेव्हा जुडगा हाफिजाच्या हातात होता.

"ही लांबडी कुठली?"

"गोदामाची. किती वेळा सांगितलंय."

"चला, आत्ता जाऊ. लावून बघू."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"शौकत जेवून गेला आज."

एवढं बोलणं पुरलं. हमदुल्लाच्या तोंडचं पाणी पळालं. तो खाटेवर बसला, टॉवेल मांडीवर घेऊन.

"काय म्हणाला?"

"तारीफ करत होता तुमची. परमुलखात तुम्ही हलाल कसं सांभाळलंत, म्हणून."

"शौकतला अक्कल नाही. घरमालकीण आहे ती. स्वस्तात खोली मिळते म्हणून..."

"निळा टोप कुणी आणला? तुम्ही की तिनं?"

तो खाली बघत राहिला.

"तिनं," तो म्हणाला.

हाफिजाला वाटलं होतं, तो नाही म्हणेल, शपथा घेईल, भांडेल, आणि आपणही भांडू. त्या एका शब्दानं सगळं संपवून टाकलं. जी बाई परक्या धर्माच्या पुरुषासाठी बाजारात जाऊन वेगळं भांडं आणते, वेगळ्या खिळ्याला टांगते, तिला तो कोण लागतो हे सांगायला वकील लागत नाही.

"निकाह केलाय?"

"नाही. अल्लाची शपथ, नाही."

"म्हणजे टोप तेवढा हलाल."

तो ओशाळला. मग पुरुष बोलतात तसं बोलायला लागला. "तुला कुठं काही कमी पडू दिलं का मी? घर, कपडा, पोरीची इंग्लिश शाळा. एकटा माणूस परक्या देशात, थंडी, बोलायला कुणी नाही. झालं ते झालं. खलास. आता नाही जाणार तिकडं. तिला माहीत आहे तू आहेस. तिनं तुझ्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही."

"तिला माहीत आहे मी आहे?"

"हो."

"मला माहीत नव्हतं, ती आहे." हाफिजाचा आवाज आता फाटला. "मी अंडी खाल्ली."

"काय?"

"वर्षानुवर्षं मी अंडी खाल्ली! वाढत्या वयाच्या पोरीला खायला घातली. तुम्ही तिकडं माझ्या मसाल्याचं कालवण ओरपत होतात, आणि मी इथं मासळी बाजारावरून जाताना मान वळवून जात होते. आणि तुम्हाला माहीत होतं. अन्वरीनं सांगितलं होतं तुम्हाला. डोक्यावर हात ठेवलात माझ्या, वेडी म्हणालात! तेव्हा एका शब्दानं म्हणाला असतात, खा गं बाई, मी उपाशी नाही. बाई ठेवलीत ती ठेवलीत, पण मला हसलात तुम्ही."

"हसलो नाही गं. तेव्हा वाईट वाटलं होतं."

"आणि तरी खाऊ दिलंत."

त्यानं टॉवेलाची घडी घातली, परत उलगडली. हाफिजानं जुडग्यातून ती लांबडी किल्ली ओढून काढली. काढताना नख मोडलं. किल्ली तिनं त्याच्यासमोर खाटेवर टाकली.

"उद्या अरबाबला सांगा, मी येणार नाही आणि तुम्हीही जाणार नाही. आता शौकतला फळ्या कळतात, त्याला पाठवा. कोट त्याला द्या."

"लोक विचारतील."

"विचारू देत. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुम्हाला सांगता येतं."

ती आत जायला वळली आणि उंबऱ्यात थांबली. एवढा वेळ ती रडली नव्हती. आता तिचे डोळे भरून आले.

"ते घड्याळ तरी खरं आहे का हो?"

"कुठलं?"

"मोठा काटा तासाचा, छोटा मिनिटाचा."

"खरं आहे. हाफिजा, कुराणाची शपथ, ते अगदी खरं आहे. मी स्वतः बघितलंय."

हाफिजानं त्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तो तळमळून सांगत होता, खरंच सांगत असावा. पण तिला काही कळेना. इतकी वर्षं त्याच तोंडानं, त्याच डोळ्यांनी तो अंड्यांचंही असंच सांगायचा. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

सकाळी वखारीत जाण्याआधी हमदुल्लानं काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. हाफिजानं चहा ठेवला आणि बुरखा घालून बाजाराला निघून गेली. मासळी बाजारात तिनं पिशवीभर मासळी घेतली, आणि येताना भांड्यांच्या गल्लीत शिरली. तिथं एनॅमलची भांडी दारातच टांगलेली असतात, पांढरी, हिरवी, फुलाफुलांची. तिनं निळा टोप मागितला. दुकानदार इराणी, तो मोठा दाखवायला लागला.

"छोटा. एका माणसापुरता," हाफिजा म्हणाली.

घरी येऊन तिनं भिंतीत नवा खिळा ठोकला, बाकीच्या भांड्यांपासून लांब.

दुपारी अन्वरी शाळेतून आली आणि दारातूनच वास घेत ओरडली, "फिश! मम्मी, इट्स ऑक्टोबर!" हमदुल्लाही जेवायला आला. येणं भागच होतं, अरबाबला त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं की बायकोला बरं नाही. हात धुऊन तो चटईवर बसला. हाफिजानं अन्वरीला वाढलं, स्वतःला वाढलं, तळलेल्या सुरमईचे दोन दोन तुकडे, कालवण, भात, वर सोलकढी. मग तिनं निळा टोप आणून हमदुल्लाच्या पुढ्यात ठेवला. झाकण काढलं. आत दोन उकडलेली अंडी होती. शेजारी खुबूस ठेवला.

"हा तुमचा टोप. याला या घरात दुसरं कुणी हात लावणार नाही."

हमदुल्लानं तिच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि गुपचूप एक अंडं उचलून सोलायला लागला. कवच बारीक बारीक तुटून पडत होतं.

अन्वरी घास हातात धरून बघत राहिली.

"मम्मी, व्हाय इज डॅडी ईटिंग एग्ज?"

"ते ग्राझला आहेत," हाफिजा म्हणाली, आणि तिनं पोरीच्या ताटातली सुरमई जवळ ओढून काटे काढायला घेतले.